लातूरहून सव्वा घंट्यात

नांदेड
४ मार्च १९८३

जोहराला रियाजचा सलाम.

परवा तुझा सुर्खा, आपलं ते तांबडं कबूतर, घरी आला. पायाच्या चिठोरीवर तू सकाळचे साडेसहा लिहिलं होतंस. अब्बा छपरावर ज्वारी टाकायला चढले, पावणेआठ वाजले होते, आणि हा गडी खुराड्यावर बसून मान हलवून राहिला होता! लातूरहून सव्वा घंट्यात. अब्बांनी चिठोरी तीनदा वाचायला लावली. डिसेंबरात तू सोडलेलं एकेक पाखरू सवादोन घंटे घेऊन आलंय, हे तुला बी माहीत हाय. एसटीला तर चार तास लागत्यात आणि वर ढुंगण सोलून निघतं.

अब्बा खाली उतरले ते थेट इतवारा बाजारात गेले. चहावाल्यापासून मशिदीच्या पायरीपर्यंत सगळ्यांना स्वतःचंच नाव घेऊन ऐकवून आले. "नांदेड-लातूर विमान निघालं ना, तरी खाजामियाँच्या सुर्ख्याच्या मागं राहील." दोन दिवस पत्र्याच्या पेट्यांना हात न्हाई. गिऱ्हाईक आलं की आधी सुर्खा, मग पेटी.

आता मला सांग, असं कसं झालं? मी अब्बांसारखा भोळा न्हाई. वारा म्हणशील, तर त्या दिवशी पान हलत नव्हतं.

अम्मी विचारून राहिली की तुझ्या चिठ्ठीत नळाचं काहीच कसं न्हाई. निकाहाच्या वक्ताला मकदूमभाईंच्या मामूंनी "घरात नळ हाय, तुमचा जावई मकदूम नव्या जिल्ह्याच्या कचेरीत हाय" असं दहादा सांगितलं होतं. पेपरात तर लातुरात पाण्याची बोंब लिहून येतीय. अब्बांनी पेपरातलं ऐकलं आणि पुन्हा तेच बोलले, जे तुझ्या बिदाईला बोलले होते : माझी पोर उन्हात डोक्यावर घागर घेऊन चालताना दिसली, तर त्याच पावली घरी घेऊन येईन, मग फारकत झाली तरी बेहत्तर. तुला ठाऊक हाय, फूफीला, स्वतःच्या बहिणीला, त्यांनी असंच नवऱ्याकडून आणलं होतं. ती अजून इथंच हाय, आणि अजून रडती.

म्हणून नीट लिही. तू मराठीत लिहितेस ते बरं हाय. अब्बांना उर्दूच वाचता येतं, म्हणजे वाचताना कुठं काय गाळायचं ते माझ्या हातात राहतं.

तुझा भाईजान
रियाज

लातूर
१३ मार्च १९८३

प्रिय भाईजान यांस जोहराचा सलाम.

आपले पत्र मिळाले. वाचून आनंद झाला. आम्ही सर्व येथे खुशाल आहोत. घरच्या नळास रोज पाणी येते. हे रोज वेळेवर कचेरीत जातात. नवा जिल्हा झाल्यापासून कचेरीत कामाचा व्याप फार वाढला आहे, त्यामुळे यांना पत्र लिहिण्यास सवड मिळत नाही. गंजगोलाईच्या बाजारात सर्व वस्तू मिळतात. अम्मीने काळजी करू नये.

सुर्खा लवकर पोहोचला याचे नवल वाटू देऊ नये. दुष्काळामुळे आकाश कोरडे आहे, ढग नाहीत, त्यामुळे पाखरास अडथळा होत नाही. शिवाय तो आता वयात आला आहे.

कडब्याच्या ट्रकवाले माणिकप्पा यांच्यासोबत पाखरांची पुढची टोपली पाठवावी. त्यांच्याकडेच पाठवावी, एसटीने पाठवू नये. एसटीत पाखरे घुसमटतात.

आपली बहीण
जोहरा

नांदेड
२ एप्रिल १९८३

जोहरा,

तुझी चिठ्ठी वाचून मला आपले चौथीचे मास्तर आठवले. "आमची शाळा" या निबंधाला तुला दहापैकी नऊ दिले होते ना, तसला निबंध लिहिलायस. आपण बहीणभाऊ कधी एकमेकांना "आपले पत्र मिळाले" लिहितो? तू कुणासमोर बसून लिहिलंस? मकदूमभाई उशाला उभे होते का?

आणि सुर्खा परवा पुन्हा आला. पुन्हा सव्वा घंटा. यावेळी त्याच्या पंजांना तांबडा मुरूम चिकटलेला होता. अब्बांनी नखानं खरवडून तळहातावर घेतला, बराच वेळ बघितला आणि धोतराला पुसला. मी विचारलं, काय हो? म्हणाले, "कुछ नहीं. धूल है." लातूरच्या गच्चीवर मुरूम कुठून आला, जोहरा?

इकडं निराळंच लफडं होऊन बसलंय. चन्नबसप्पा तुला आठवत असतील, भुसाराचे आडतवाले, अब्बांसारखेच पाखरांचे वेडे. वीस वर्षं दोघांची तोंडं दोन दिशेला. शुक्रवारी भर बाजारात ते म्हणाले, "खाजामियाँ, पाखरू लातूरहून येत न्हाई. तुमचं पोरगं वाटेतल्या लोह्याच्या पुढं जाऊन सोडतंय. देवाशप्पथ सांगा." अब्बा तापले. हातघाईवर आलं होतं. मी मधे पडलो तर मलाच कोपर लागलं.

शेवटी पैज ठरली. ६ मेला, शुक्रवारी, चन्नबसप्पांचे मेहुणे विरूपाक्ष लातूरला तुझ्या गच्चीवर येतील. त्यांची आडत तिथं गंजात हाय. त्यांच्या घड्याळावर, त्यांच्या डोळ्यांसमोर तू सुर्खा सोडायचास. दीड घंट्याच्या आत आला तर चन्नबसप्पा बाजारात अब्बांची माफी मागणार. न्हाई आला तर सुर्खा त्यांचा, आणि अब्बा पुन्हा इतवाऱ्यात पाखराचं नाव काढणार न्हाईत.

मला वाटलं होतं अब्बा जरा घाबरतील. उलट जास्तच फुगून चालून राहिले. मला तेच खटकतंय.

रियाज

लातूर
९ एप्रिल १९८३

भाईजान यांस सलाम.

पैजेची बातमी वाचून फार वाईट वाटले. अब्बांनी या वयात असल्या भानगडीत पडू नये. आपण त्यांस समजवावे. ६ मे रोजी आमच्याकडे पाहुणे येणार आहेत. गच्चीचे कामही काढले आहे. विरूपाक्ष यांना येऊ देऊ नये, घरात परपुरुष आलेला यांना चालत नाही.

तांबडी माती गच्चीच्या कामाची आहे.

आपण इकडे येण्याचा विचार केला असल्यास तूर्त येऊ नये. पाण्याने लोक आजारी पडत आहेत.

जोहरा

नांदेड
१६ एप्रिल १९८३

जोहरा,

नळाला रोज पाणी येतं आणि त्याच पाण्यानं लोक आजारी पडत्यात. गच्चीचं काम निघालंय आणि पाहुणे बी येणार हायेत. खोटं बोलायचं तर जरा जुळवून तरी बोलायचं!

मी लातूरला जाऊन आलो. तू येऊ नको लिहिलंस म्हणूनच गेलो. मामूंचं बांगड्यांचं दुकान सापडलं, वरची तुमची खोली बी सापडली. खोलीला कुलूप. कुलपावर कोळ्याचं जाळं. मामींना विचारलं, जोहरा कुठं हाय? त्या म्हणाल्या, "ती माहेरी गेलीय, नांदेडला." मी म्हटलं, मामी, मी तिचा भाऊ, नांदेडहूनच आलोय. त्या "चहा टाकते" म्हणून आत गेल्या त्या बाहेर आल्याच न्हाईत. मामू मान खाली घालून बांगड्या मोजत बसले. घरातल्या नळाखाली एक पाल बसली होती, तोटी तोंडापर्यंत कोरडी.

कचेरीच्या फाटकावर मकदूमभाईंचं नाव घेतलं. फाटकावरचा माणूस म्हणाला, तो हंगामी होता, जानेवारीतच मुदत संपली त्याची.

तू लातुरात न्हाईस. नांदेडात न्हाईस. मग कुठं हायस? त्यानं तुला टाकलं का? दुसरी करून बसलाय का? तुझ्या नावानं तोच चिठ्ठ्या लिहून राहिलाय का? अक्षर तुझं हाय, पण भरवसा आता कशाचाच वाटत न्हाई. माणिकप्पाला गाठून विचारलं तर तो टायर बघायच्या निमित्तानं ट्रकखाली शिरला.

ही चिठ्ठी मामूंच्याच पत्त्यावर टाकतोय. तुझ्यापर्यंत ते पोचवतील हे आता मला कळलंय. आठ दिवसांत तुझ्या हाताची खरी चिठ्ठी आली न्हाई तर मी अब्बांना सगळं सांगून टाकीन आणि मग आम्ही दोघं पोलिसात जाऊ.

रियाज

जळकोट
२२ एप्रिल १९८३

भाईजान,

वर गावाचं नाव वाचलंस ना? आता शिव्या दे, मी ऐकून घेते.

पोलिसात जाऊ नको. त्यांनी मला टाकलं न्हाई, दुसरी केली न्हाई, हात बी उगारला न्हाई. मी जळकोटच्या पाझर तलावाच्या दुष्काळी कामावर हाय. हे मुरूम खणत्यात, मी पाट्या उचलते. फेब्रुवारीच्या शेवटापासून. आमच्यासारखे चारेकशे माणसं हायेत इथं, शेताचे धनी बी हायेत आणि शेतमजूर बी. दुष्काळानं सगळ्यांना एकाच रांगेत आणून उभं केलंय.

नोकरी कायमची होईल असं यांना खरंच वाटलं होतं. नवा जिल्हा झालाय, नव्या कचेऱ्या निघत्यात, आज न्हाई उद्या पक्कं करतील, असं ज्यानं त्यानं सांगितलं. निकाहात "पक्की हाय" म्हणाले ते मामू. हे गप्प बसले, ही त्यांची चूक. ते रोज रात्री मला तेच सांगत बसायचे, शेवटी मीच म्हटलं, बस करा आता, झोपू द्या. मामूंच्या जिवावर किती दिवस बसून खायचं? म्हणून मीच म्हटलं, चला तलावावर. हे नको म्हणत होते. मीच आणलं यांना. हे बी लिहून ठेव.

पाणी एका मळ्यातल्या विहिरीवरून आणावं लागतं. पहिल्या दिवशी माझी घागर दोनदा पडली. शेजारच्या खोपटातली नागुबाई, इथल्या बौद्धवाड्यातली, हसून हसून खाली बसली. "लई शहरी चाल हाय गं तुझी, घागर डुलती बघ." मग तिनं जुन्या लुगड्याची चुंबळ करून दिली. आता डुलत न्हाई. मला याची लाज वाटत न्हाई, भाईजान. अब्बांची भीती वाटते. ते आले आणि मला घागरीसकट बघितलं तर काय करतील ते तू बी जाणतोस. फूफीचा नवरा तरी दारुडा होता. माझा नवरा माझी पाटी हळूच आपल्या पाटीत रिकामी करतो आणि मुकादमाच्या शिव्या खातो. मला याच्याजवळून नेऊ नका.

चिठ्ठ्या माणिकप्पा लातूरला नेऊन टपालात टाकतो, म्हणून शिक्का तिकडचा. त्याच्यावर रागावू नको, मी त्याला त्याच्या लेकीची शपथ घातलीय. कडबा इथल्या जनावरांच्या छावणीवर उतरवतो, तेव्हा टोपली बी मलाच देतो.

आता सुर्ख्याचं. पहिल्यांदा सोडला तेव्हा डोक्यात आलंच न्हाई. निकाहातलं घड्याळ बघितलं, चिठोरीवर साडेसहा लिहिलं, दोरा बांधला, सोडला. लहानपणापासून हाताला तीच सवय. तो आभाळात गेल्यावर उजेड पडला डोक्यात, की बाई गं, हा तर निम्म्या वाटेवरूनच निघालाय! मागं हाका मारल्या. पाखरू काय वळतंय?

दुसऱ्या वेळी ठरवलं होतं, चिठोरीवर एक घंटा आधीची वेळ टाकायची. पेन्सिल हातात घेऊन बसले. अब्बांचे अब्बा, आपले दादामियाँ आठवले. आठवतं तुला? तू एकदा गंमत म्हणून खोटी वेळ बांधली होतीस, तेव्हा त्यांनी तुला दिवसभर उपाशी ठेवलं होतं. "माणसांशी काय बोलायचं ते बोल, पण बेजुबान जनावराच्या पायाला झूठ बांधू नको." कागदावर तुला इतकं खोटं लिहिलं, सरळ लिहीत गेले. त्या बोटभर चिठोरीवर न्हाई लिहवलं. आणि पाखरू न सोडून करू काय? ते आलं न्हाई तर अम्मी जेवत न्हाई. इथं ठेवावं तर दाणा कुठला, पाणी कुठलं!

पैजेच्या दिवशी मी लातूरला जाईन, मामूंच्या गच्चीवर उभी राहीन. पण सुर्खा सवादोन घंटे घेईल आणि अब्बांची इज्जत जाईल. खरं सांगावं तर माझं घर जातं. तूच सांग काय करू.

ही चिठ्ठी अब्बांना वाचून दाखवू नको. जाळून टाक.

जोहरा

नांदेड
२८ एप्रिल १९८३

जोहरा,

खरं सांगतो, तुझी चिठ्ठी वाचून आधी बरं वाटलं. मग राग आला. मग अम्मीनं पाण्याचा तांब्या समोर ठेवला आणि मला तो उचलवेना.

जाळायला सांगितलंस, जाळवली न्हाई. पेटीत कुलपात ठेवलीय. अब्बांनी चिठ्ठी कुणाची म्हणून विचारलं, तेव्हा मी मनानंच रचून वाचली : सगळे खुशाल, नळाला पाणी, मकदूमभाईंना बढती मिळायची बात चाललीय. अब्बा ऐकत होते. संपल्यावर म्हणाले, "बस? इत्ताच?" मी म्हटलं, इतकंच. "एवढे दोन पानं भरून इत्ताच?" मी म्हटलं, अक्षर मोठं काढती ती. त्यांनी माझ्याकडं असं बघितलं की मी घाईघाईनं चिठ्ठीची घडी घातली. त्यांना शक आलाय, पण कसला ते कळेना. अलीकडं दुपारचे पेट्यांचं काम टाकून कुठंतरी जात्यात. विचारलं तर "नमाजला." नमाजला जाणारा माणूस तास तास लावत न्हाई.

आता ऐक. मला रस्ता सापडलाय. सुर्ख्याचा जुळा भाऊ हाय ना, ज्याच्या डाव्या पंखात एकच पांढरं पीस हाय? ते पीस मी उपटतो. मग दोघांना खुद्द अब्बा बी ओळखू शकणार न्हाईत. माणिकप्पाबरोबर दोन्ही पाठवतो. ६ मेला तू लातूरच्या गच्चीवर विरूपाक्षांसमोर एक सोड. त्याच वेळी मकदूमभाईंनी जळकोटहून दुसरा सोडायचा, पायाला तीच वेळ लिहून. जळकोटचा सव्वा घंट्यात पोचेल, पैज जिंकली. लातूरचा मागाहून आला की मी गुपचूप आत घेईन. अब्बांची मान वर, तुझं घर जागेवर. कुणाला कळणार हाय?

हो म्हण. माणिकप्पा सोमवारी निघतोय.

रियाज

जळकोट
३ मे १९८३

भाईजान,

टोपली मिळाली. दोन्ही पाखरं सुखरूप हायेत. पीस उपटलंस तिथं अजून ओलं हाय, मी हळद लावली.

न्हाई. हे मी करणार न्हाई.

यांना सांगितलं तर यांचा चेहरा उजळला, म्हणाले सोडतो की, त्यात काय. मी रात्रभर विचार केला. वेळ खरी लिहिली तरी पाखरू खोटं, म्हणजे खोटंच बांधलं की रे त्याच्या पायाला. आणि त्यानंतर अब्बा बाजारात मिरवतील. दर महिन्याला मला पुन्हा सव्वा घंटा काढून दाखवावा लागंल. तलावाचं काम संपलं, आम्ही लातूरला परत गेलो, तर मग काय करू? एक खोटं सांभाळायला मला जन्मभर जळकोटात राहावं लागंल!

मी उद्या लातूरला जातेय. चांगलं लुगडं नागुबाईच्या पेटीत ठेवलंय, धूळ लागू नये म्हणून. सुर्खा तिथूनच सोडीन, एकच. अब्बा हरतील. मला माफ कर. ते हरले की तूच त्यांना सांभाळ, आणि त्यांनी कारण विचारलं तर माझं नाव घे. मग ते जे करतील ते करतील.

अब्बांचं ते दुपारचं जाणं वाचून मला धडकी भरलीय. अब्बा कुठं जात्यात ते बघ. पेटी तपास.

जोहरा

नांदेड
१२ मे १९८३

बेटी जोहराला खाजामियाँचा दुवा.

हे पत्र रियाजच्या हातचं न्हाई, ते तू ओळखलं असशील. मी बोलतोय, चन्नबसप्पा लिहितायत. हाव, तेच चन्नबसप्पा. दचकू नको.

रियाज चिठ्ठ्या वाचतो तेव्हा त्यात जान नसते. पोरगं वाचताना डोळे एका ओळीवर आणि तोंड दुसऱ्याच ओळीवर. मला उर्दू वाचता येतं, मराठी न्हाई, पण पोटचं पोरगं कळतं. म्हणून मी चिठ्ठ्या दुसऱ्याकडून वाचून घ्यायचं ठरवलं. दोस्ताकडं नेल्या असत्या तर त्यानं बी माझं मन राखायला गाळलं असतं. म्हणून दुश्मनाकडं नेल्या. हा माणूस मला खुश करायला एक अक्षर बदलणार न्हाई, एवढा मला भरवसा होता.

(हे मी लिहीत नव्हतो. ते म्हणाले, लिहा. — चन्नबसप्पा)

रियाजनं जळकोटची चिठ्ठी पेटीत कुलपात ठेवली. पेटी मी बनवलेली, कुलूप मी बसवलेलं. अल्लानं त्याला अक्कल जरा कमीच दिलीय.

पहिला सुर्खा सव्वा घंट्यात आला तेव्हा मी खरंच नाचलो. बुढ्ढा माणूस, नाचलो. दुसऱ्या वेळी त्याच्या पायाचा मुरूम बघितला आणि समजलो. पाखरू तेवढं उडत न्हाई, हे मला कळत न्हाई होय? चाळीस वर्षं पाखरं उडवली. माझी पोर लातुरात न्हाई, एवढं कळलं. कुठं हाय ते कळलं न्हाई. तेव्हा बाजारात गप्प बसलो असतो तर लोकांनी विचारलं असतं, खाजामियाँ, आता सुर्ख्याची बात का न्हाई काढत? मग पुढचं विचारलं असतं. म्हणून आणखी जोरात फुशारकी मारली. लोकांनी मला लबाड म्हणावं, पण पोरगी कुठं हाय म्हणून कुणी विचारू नये.

चन्नबसप्पांनी जळकोटची चिठ्ठी वाचली आणि पैज मोडू म्हणाले. मी न्हाई म्हटलं. मोडली तर कारण सांगावं लागतं. पैज झाली. ६ मेला सगळा इतवारा आमच्या गल्लीत. सुर्खा सवादोन घंट्यांच्या बी वर आला, ऊन लई होतं. लोक हसले. चन्नबसप्पांनी ठरल्याप्रमाणं सगळ्यांसमोर त्याला उचलून नेलं. नेताना त्यांचे हात कापत होते.

(कापत नव्हते. पाखरू फडफडत होतं. — च.)

सुर्खा दोनदा त्यांच्या खुराड्यातून सुटून आमच्याकडं आला. दोनदा मी तो परत नेऊन दिला. हरलो म्हणजे हरलो.

आता कामाची बात. मकदूमला सांग, तो निकाहाच्या मजलिसीत गप्प बसला ते मी विसरलो न्हाई. तू मला दोन महिने नळाच्या गोष्टी लिहिल्यास, त्या बी विसरलो न्हाई. शपथ मी भर मांडवात घेतलीय, चारशे माणसांनी ऐकलीय, आणि मी ती फिरवणारा माणूस न्हाई. शुक्रवारी २० तारखेला माणिकप्पाच्या ट्रकवर बसून जळकोटला येतोय. अम्मीला अजून काही सांगितलेलं न्हाई. तिथं काय दिसेल त्यावर ठरवीन.

खाजामियाँ

पोरी, आता हे माझं. तुझे अब्बा काय ठरवून निघालेत ते मलाही सांगत नाहीत. विचारलं तर उठून जातात. १९ तारखेपासून चार दिवसांसाठी सुर्खा मागून ठेवला आहे. का, ते सांगितलं नाही. माझ्या मनात पाल चुकचुकते आहे, म्हणून तुला सावध करतो. शक्य असेल तर शुक्रवारी पाणी दुसऱ्या कुणाला आणायला सांग.
— चन्नबसप्पा

शनिवारी सकाळी सुर्खा नांदेडला खाजामियाँच्या खुराड्यावर उतरला. त्याच्या पायाची चिठोरी :

जळकोट. २१ मे. सकाळचे सहा वीस.
भाईजान, अम्मीला मोठ्यानं वाचून दाखव, काही गाळू नको. मी शुक्रवारी पाण्याला दुसऱ्या कुणाला पाठवलं न्हाई. काल अब्बांनी मला घागरीसकट बघितलं. त्याच पावली आले, घागर माझ्या डोक्यावरून उतरवली आणि आपल्या खांद्यावर घेतली. आज बी तेच विहिरीवर गेल्यात. नागुबाई म्हणती, लई डुलती.
— जोहरा